संकटसमयीं ऐकणारा कान : टेलिफोनवरील धीरसेवा आणि आपलें कर्तव्य

विहिरीचें पाणी आटलें, बैल पडला किंवा कपाशीवर कीड उतरली, तर ती वार्ता घटकेंत साऱ्या गांवास कळते. पारावर तिची चर्चा होते, कोणी उपाय सुचवितो, कोणी आपल्या दावणीचा बैल चार दिवस देतो. परंतु घरधन्याच्या मनाची उभारीच आटली, तर ती मात्र कोणास कळत नाहीं. कारण तो ती कोणास कळूं देत नाहीं. पीक बुडालें हें सांगण्यांत आपण कमीपणा मानीत नाहीं, पण मन खचलें हें सांगण्याची आपणांस लाज वाटते. या लाजेची किंमत आपल्या बीड जिल्ह्यानें फार मोठी दिली आहे व अजून देत आहे.

आंकडे पाहावयाचे तर २०२२ साली सबंध हिंदुस्थानांत शेतीवर निर्वाह करणाऱ्या ११,२९० व्यक्तींनीं आपलें जीवित संपविलें अशी सरकारी गुन्हे-नोंद कार्यालयाची माहिती आहे. त्यांपैकीं ४,२४८ एकट्या महाराष्ट्रांतील होत्या. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत २०२३ साली अशा १,०८८ घटनांची नोंद महसूल खात्याकडे झाली, आणि त्यांत सर्वांत मोठा आंकडा, २६९, आपल्या जिल्ह्याचा होता. यांतील प्रत्येक आंकड्यामागें एक घर, एक सात-बाराचा उतारा आणि उघडीं पडलेलीं मुलेंबाळें आहेत. अशा मुलांना आधार देण्याचें काम शिरूर कासार तालुक्यांतील आर्वी येथें श्री. दीपक नागरगोजे यांनीं उभारलेल्या ‘शांतिवना’सारख्या संस्था करीत आल्या, हें आपल्या जिल्ह्याचें भूषण खरें. पण ज्या कारणानें अशा संस्थेची गरज पडावी, तें कारण मात्र भूषणाचें नाहीं.

कर्ता पुरुष गेल्यावर, प्रकरण पात्र ठरल्यास, सरकार एक लाख रुपयांचें साहाय्य देतें. २००६ सालच्या सरकारी निर्णयानुसार त्यांतील तीस हजार रोख व सत्तर हजार ठेवीच्या रूपानें देण्याची रीत पडली. हें साहाय्य मागें राहिलेल्यांसाठीं आहे. जो अजून आपल्यांत आहे, पण रात्र रात्र छताकडे पाहत पडतो, त्याच्यासाठीं काय आहे, हा या लेखाचा विषय आहे. त्याच्यासाठीं जीं साधनें आज उपलब्ध आहेत, त्यांतील एक म्हणजे टेलिफोनवरील धीरसेवा, जिला सर्वत्र हेल्पलाइन म्हणतात. ती कशी चालते, स्वयंसेवक तींत काय करितात, आणि आपल्यासारख्या कृषक-मंडळांनीं वर्षभर तिच्याशीं सहकार्य कसें करावें, हें येथें क्रमानें सांगण्याचा विचार आहे.

या सेवेचा उगम

इंग्लंडांत चॅड वॅरा नांवाचे एक धर्मोपदेशक होते. लंडन शहरांतील आपल्या देवळांत त्यांनीं १९५३ च्या नोव्हेंबर महिन्यांत एक टेलिफोन केवळ अशा कामासाठीं ठेविला कीं, जीव नकोसा झालेल्या माणसानें तो द्यावयापूर्वीं आपल्याशीं बोलावें. लोक येऊं लागले, फोनहि येऊं लागले. गर्दी झाली म्हणून आलेल्यांजवळ बसण्यास, त्यांना चहा देण्यास कांहीं साधीं माणसें पुढें आलीं. थोड्याच दिवसांत वॅरा यांच्या ध्यानांत आलें कीं, पुष्कळ लोक त्यांची भेट न घेतांच, त्या साध्या माणसांशीं बोलूनच, हलके होऊन परत जातात. तेव्हां १९५४ च्या फेब्रुवारींत त्यांनीं ऐकण्याचें काम त्या स्वयंसेवकांच्याच हातीं सोपविलें. ‘समॅरिटन्स’ ही संस्था ती हीच. या एका गोष्टींत साऱ्या विषयाचें सार आहे. खचलेल्या माणसास प्रथम पंडित लागत नाहीं, ऐकणारा लागतो. आणि ऐकणें हें शिकवून येणारें काम आहे.

आपल्या देशांत मद्रास शहरीं डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनीं १९८६ साली ‘स्नेहा’ ही संस्था काढिली. पुण्यास २००५ साली ‘कनेक्टिंग’ ही संस्था निघाली व तिनें शिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांकडून ऐकण्याची सेवा चालविली. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यांत श्री. विनायक हेगाणा यांच्या ‘शिवार’ संस्थेनें खास शेतकऱ्यांसाठीं हेल्पलाइन काढून जिल्ह्याच्या सरकारी यंत्रणेस तिच्याशीं जोडून घेतलें. सरकारनेंहि २०१५ साली मराठवाडा व विदर्भांतील चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यांत बीड होतें. आशा कार्यकर्त्यांनीं घरोघर जाऊन खचलेल्या मनाची चौकशी करावी आणि गरजूंस उपचारापर्यंत पोहोंचवावें अशी त्याची योजना होती. पुढें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं केंद्र सरकारनें ‘टेलि-मानस’ ही देशव्यापी सेवा काढिली. तिचा क्रमांक १४४१६. तो कोणत्याहि मोबाइलवरून फुकट लागतो, रात्रंदिवस चालतो, आणि मराठींत बोलतां येतें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. २००४ साली सुरू झालेलें किसान कॉल सेंटर हें पिकाच्या रोगाची, बियाण्याची व खताची विचारपूस करण्यासाठीं आहे. धीरसेवा ही मनासाठीं आहे. पहिलीकडे प्रश्न घेऊन जावयाचें असतें. दुसरीकडे प्रश्न नीट मांडतां येत नसला तरी चालतो.

फोन उचलल्यावर काय होतें

आपल्यांतील पुष्कळांची समजूत अशी कीं, पलीकडचा माणूस उपदेश करील, नांव-गांव लिहून घेईल, आणि उद्यां चार लोकांत बोभाटा होईल. तसें नाहीं. चांगल्या संस्थेंत शिक्षण दिलेला स्वयंसेवक प्रथम आपल्या संस्थेचें नांव सांगतो आणि बोलणाऱ्यास बोलूं देतो. नांव सांगण्याची सक्ती नसते. मधेंच शांतता पडली तर ती तो भरून काढीत नाहीं, थांबतो. ‘तुमच्यापेक्षां दुःखी लोक आहेत’, ‘मर्दासारखा मर्द असून असें काय करतां’, ‘लेकराबाळांचा विचार करा’ असलीं वाक्यें त्यास निषिद्ध असतात. कारण त्यांनीं ओझें उतरत नाहीं, वरून लाजेचें आणखी एक ओझें चढतें.

आणि योग्य वेळीं तो स्पष्ट विचारतो, ‘जीव द्यावा असा विचार मनांत येतो काय?’ असें विचारल्यानें नसलेला विचार मनांत भरतो, ही भीति खोटी आहे. जागतिक आरोग्य संघटनेचेंहि मत असेंच आहे. उलट, जी गोष्ट आठ दिवस कोणीच विचारली नाहीं ती कोणी तरी विचारली, याचाच माणसास आधार वाटतो. उत्तर ‘होय’ आलें, तर त्या घडीस तो एकटा आहे काय, जवळ कोणी विश्वासाचें माणूस आहे काय, हें स्वयंसेवक विचारतो, व धोका तातडीचा असल्यास त्याच्या आप्तांस किंवा तातडीच्या मदतीस जोडून देतो. बोलणें गुप्त राहतें. जिवावर बेतलें असेल तेवढ्यापुरताच अपवाद.

स्वयंसेवक हे बहुधा शिक्षक, निवृत्त नोकर, गृहिणी, विद्यार्थी असे साधे लोक असतात. त्यांना आरंभीं शिक्षण मिळतें, मग कांहीं काळ अनुभवी माणसाशेजारीं बसून ऐकावें लागतें, व नंतरच फोन हातीं येतो. पाळी संपल्यावर त्यांनीं जें ऐकलें तें वडील सहकाऱ्याजवळ बोलून टाकण्याची सोय असते. कारण दुसऱ्याचें ओझें घेणाऱ्यासहि तें कोठें तरी उतरावें लागतें. ही सोय ज्या संस्थेंत नाहीं तेथें स्वयंसेवक टिकत नाहींत.

शेतीचें वर्ष आणि सेवेचें वर्ष

शहरांतील हेल्पलाइनचें वर्ष जानेवारीस सुरू होत असेल. आपल्या जिल्ह्यांतील सेवेचें वर्ष मृगापासून मोजलें पाहिजे. मृगाच्या आसपास बी-भरण व खत यांसाठीं हातउसना पैसा उभा करावा लागतो. पेरणी झाली आणि पावसानें ओढ दिली, तर दुबार पेरणीचा घोर लागतो, आणि पहिलें कर्ज तसेंच असतां दुसरें डोक्यावर येतें. श्रावण-भाद्रपदांत सोयाबीन व कपाशी उभी असतां खंड पडला तर एक भीति, आणि काढणीच्या तोंडावर पाऊस कोसळला तर दुसरी. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत अतिवृष्टि होऊन नद्यांना महापूर आले, पिकें कुजलीं, जमिनीवरील माती खरडून गेली. दुष्काळाची सवय झालेल्या आपल्या जिल्ह्यानें त्या वर्षीं ओला दुष्काळ काय असतो तें पाहिलें.

दसरा-दिवाळीच्या सुमारास माल बाजारांत येतो व भाव पडतात. हिशेब करावयास बसलेला शेतकरी त्या रात्रीं एकटा असतो. त्याच वेळीं आपल्या जिल्ह्यांतील हजारों अल्पभूधारक बायकामुलांसह ऊसतोडीस बाहेर पडतात. गांवांत म्हातारीं माणसें मागें राहतात आणि त्यांची विचारपूस करणारें कोणी उरत नाहीं. पुढें मार्चअखेर पीककर्जाची फेड, नोटिसा, आणि मग वैशाखांत लग्नसराई. मुलीच्या लग्नाचा खर्च व शाळा-कॉलेजची फी हीं एकाच वेळीं दारांत उभीं राहतात.

हें कालपत्रक आपणांस तोंडपाठ आहे. शहरांतील स्वयंसेवकास तें ठाऊक नसतें. ‘खंड पडला’ म्हणजे काय, ‘फेरफार’ अडला म्हणजे काय, सोसायटीचें थकित खातें व सावकाराचें कर्ज यांत फरक काय, हें ज्यास कळत नाहीं, त्यास बोलणाऱ्याचें निम्में दुःख कळत नाहीं. म्हणूनच हेल्पलाइन व कृषक-मंडळ यांचें सहकार्य आवश्यक आहे. त्यांनीं आपणांस ऐकण्याची विद्या द्यावी, आपण त्यांस शेतीचें वर्ष समजावून द्यावें.

सहकार्याचा प्रत्यक्ष उपयोग

अशा सहकार्याचीं उदाहरणें आहेत. इंग्लंडांत समॅरिटन्स संस्थेनें २०१० पासून रेल्वेशीं करार करून रेल्वेच्या नोकरांस शिक्षण दिलें. फलाटावर एकटा, अस्वस्थ उभा असलेला प्रवासी दिसला तर त्याच्याजवळ जाऊन साधें बोलणें कसें काढावें, हें त्यांना शिकविलें. आपल्याकडे तो फलाट कोणता? सोसायटीची पायरी, बँकेची खिडकी, बी-खताचें दुकान, दूध-संकलन केंद्र, आडत. या जागीं बसणाऱ्यांस खचलेला शेतकरी डॉक्टरच्या आधीं दिसतो. सोसायटीच्या सचिवास आणि कृषि-सेवा केंद्राच्या दुकानदारास हें शिक्षण मिळालें, तर साऱ्या गांवास एक पहारेकरी मिळाला असें होईल.

याहून जवळचें उदाहरण अमरावती जिल्ह्याचें आहे. तेथील तीस गांवांत ‘विश्राम’ नांवाचा उपक्रम झाला. गांवांतील माणसांसच शिक्षण देऊन घरोघर पाठविलें, गरजूंस समुपदेशक व डॉक्टर यांच्याशीं जोडून दिलें. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें दीड वर्षांत उदासीनतेच्या विकारानें ग्रस्त असलेल्यांपैकीं उपचार घेणारांचें प्रमाण शेंकडा ४·३ वरून २७·२ वर गेलें, आणि मागील वर्षांत जीव देण्याचा विचार मनांत आला असें सांगणारांचें प्रमाण शेंकडा ५·२ वरून २·५ वर आलें. त्या दीड वर्षांत त्या गांवांचीं कर्जें फिटलीं नव्हतीं, पावसाचा स्वभावहि बदलला नव्हता. एवढेंच झालें कीं, लोक बोलूं लागले व उपचारापर्यंत पोहोंचले.

औषधांच्या डब्याची गोष्ट

आम्हां शेतकऱ्यांच्या हातीं असलेला आणखी एक उपाय आहे. जीव देण्याची लहर पुष्कळदां थोड्या वेळाची असते. ती घडी टळली कीं माणूस सांवरतो. म्हणून ती घडी येईल तेव्हां विषारी वस्तु हाताशीं नसणें, हीच अर्धी राखण होय. श्रीलंकेनें १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर क्रमानें बंदी घातली, आणि पुढील वीस वर्षांत तेथील आत्मघाताचें प्रमाण निम्म्याहून पुष्कळ खालीं आलें. तामिळनाडूंत ‘स्नेहा’च्या पुढाकारानें दोन गांवांत फवारणीचीं औषधें घरांत न ठेवतां गांवाच्या सामाईक कोठारांत, प्रत्येकाच्या स्वतंत्र कुलुपबंद पेटींत, ठेवण्याचा प्रयोग झाला, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांताप्रमाणें त्या गांवांत अशा घटना कमी झाल्या. प्रयोग लहान होता, पण दिशा दाखविणारा होता.

उलट, श्रीलंकेंतच १८० खेड्यांत जो मोठा प्रयोग झाला, त्यांत घराघरांत कुलुपाच्या पेट्या देऊन पाहिल्या. त्यानें कांहीं फरक पडल्याचें २०१७ सालच्या अहवालांत दिसून आलें नाहीं. यावरून बोध असा कीं, घरांतल्या पेटीची किल्ली घरांतच असते. औषध घराबाहेर, दोन पावलें दूर, दुसऱ्याच्या नजरेखालीं असलें तरच मधें विचारास वेळ मिळतो. आपल्या सोसायट्यांजवळ गोदामें आहेत. त्यांतील एक खोली या कामीं लावण्यास खर्च फारसा नाहीं, इच्छा पाहिजे. तोंवर निदान एवढें तरी करावें कीं, लागेल तेवढेंच औषध आणावें, उरलेलें घरांत सांठवूं नये.

कायद्याची भीति

‘बोललों तर पोलीस-केस होईल’ ही भीति कित्येकांचें तोंड बांधते. पूर्वीं आत्मघाताचा प्रयत्न हा गुन्हा होता, हें खरें. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें, जो २०१८ च्या मे महिन्यांत अमलांत आला, असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्यास शिक्षेपासून संरक्षण दिलें आणि त्याची काळजी घेणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागीं आलेल्या न्यायसंहितेंत तें जुनें कलम राहिलें नाहीं. सरकारी नोकरास त्याच्या कामापासून अडविण्याच्या हेतूनें केलेल्या प्रयत्नापुरतें मात्र एक कलम आहे. तेव्हां मन मोकळें करणारास, किंवा घरच्या माणसास दवाखान्यांत नेणारास, भिण्याचें कारण नाहीं. अंबाजोगाई येथें स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचें रुग्णालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे; मनाच्या दुखण्यासाठीं तेथें जाणें हें तापासाठीं जाण्याइतकेंच सरळ समजावें.

एक आक्षेप

कोणी म्हणेल, ‘फोनवर बोलल्यानें कर्ज फिटतें काय? भाव मिळतो काय?’ आक्षेप खरा आहे. हेल्पलाइन कर्ज फेडीत नाहीं, पाऊस पाडीत नाहीं, आणि तसा दावा करणाऱ्या सेवेवर विश्वासहि ठेवूं नये. भाव, पाणी, पीकविमा व पतपुरवठा यांसाठींचा झगडा आपल्या मंडळानें सोडावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. धीरसेवेचें निमित्त करून कोणी त्या मागण्या बाजूस सारूं लागला, तर त्यास तेथेंच थांबवावें. पण मागण्या मान्य होईपर्यंत मागणारा जिवंत राहिला पाहिजे. कर्जाला मुदतवाढ मिळूं शकते, पुढच्या वर्षीं पीक येऊं शकतें, गहाण पडलेलें रानहि सुटूं शकतें. गेलेला माणूस परत येत नाहीं, आणि त्याच्या मागें कर्जहि बहुधा तसेंच उरतें, फक्त तें फेडणारे हात दोन कमी होतात.

मंडळांनीं काय करावें

एवढ्या विवेचनावरून आम्ही आमच्या वाचकांपुढें पुढील सूचना ठेवितों. पहिली, प्रत्येक गांवांतील मंडळानें दोन-तीन माणसें, त्यांत निदान एक स्त्री, ऐकण्याच्या शिक्षणासाठीं निवडावीं. बोलघेवडा पुढारी निवडूं नये, ज्याच्याजवळ गोष्ट राहते असा माणूस निवडावा. दुसरी, १४४१६ हा क्रमांक सोसायटींत, चावडीवर, बी-खताच्या दुकानांत व औषधाच्या कपाटावर ठळक लिहावा. तिसरी, दुबार पेरणी, काढणीचा पाऊस व मार्चअखेर या तीन वेळीं निवडलेल्या माणसांनीं थकबाकीदार व नुकसान झालेल्या घरीं, वसुलीच्या कामासाठीं नव्हे, केवळ विचारपुशीसाठीं जावें. चौथी, औषधांच्या सामाईक कोठाराचा विचार येत्या खरिपापूर्वीं सभेपुढें ठेवावा. पांचवी, वर्षाच्या शेवटीं किती घरीं गेलों, किती जणांस दवाखान्यापर्यंत नेलें, याचा नांवें वगळून हिशेब सभेस द्यावा. कारण हिशेब नसलेलें काम दुसऱ्या वर्षीं उरत नाहीं.

आणि घरच्या माणसांसाठीं थोडें. जो मनुष्य बोलेनासा झाला, ज्याची झोंप उडाली, ज्यानें पारावर येणें सोडलें, जो ‘आतां माझें काय राहिलें’ असें वारंवार म्हणूं लागला, किंवा जो एकाएकीं आपल्या वस्तु व व्यवहार दुसऱ्याच्या स्वाधीन करूं लागला, त्यास एकटें सोडूं नये. जवळ बसावें, विचारावें, आणि उत्तर पुरें होईपर्यंत आपलें सांगूं नये. घरांतील स्त्रियांनाहि हेंच लागू आहे. त्यांचें दुःख तर आपण मोजीतहि नाहीं.

पीकविम्याच्या बाबतींत ‘बीड पॅटर्न’ हें नांव साऱ्या महाराष्ट्रांत झालें. शेजाऱ्याचें ऐकून घेण्याच्या बाबतींतहि तें व्हावें, अशी आमची इच्छा आहे. त्यासाठीं सरकारी निर्णयाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. ज्या घरचा दिवा हल्लीं लवकर मालवतो आणि ज्या घरचा धनी मात्र जागा असतो, असें एक घर आपल्या प्रत्येकाच्या आळींत आहे. आज संध्याकाळीं तेथें जाऊन बसावें.